ऑटर्सच्या वहीतली ती एक हिट

मी वंदना कुरणे, मूळची जळगावची, आणि बेसबॉलशी माझा संबंध कसा आला हे विचारणारे तुम्ही काही पहिले नाही, पण शेवटपर्यंत ऐकून, लिहून घेणारे बहुधा पहिले ठराल, कारण लोक विचारतात आणि मी बोलायला लागले की दोन मिनिटांत फोन काढतात. आमच्या शाळेत सॉफ्टबॉल होता, म्हणजे बेसबॉलचाच भाऊ, चेंडू जरा मोठा. खेळाची हौस म्हणून नव्हता हं, उगाच गैरसमज नको. कबड्डी-खोखोत राज्यापर्यंत जायचं तर जीव काढावा लागतो, तिथे आधीच रांग असते, आणि सॉफ्टबॉल खेळायला कुणी तयारच नसायचं, म्हणून आमच्या पी.टी.च्या सरांनी डोकं लढवलं की बारा पोरी जमवल्या की संघ झाला, संघ झाला की जिल्हा, जिल्हा झाला की राज्य, आणि राज्याचं सर्टिफिकेट आलं की खेळाडू कोट्यातली नोकरी. सर्टिफिकेटचा खेळ होता तो. माझ्याबरोबरच्या कितीतरी पोरी त्या कागदावर पोलिसात लागल्या, रेल्वेत लागल्या, आणि पुन्हा कधी बॅट हातात धरली नाही. त्यांना मी नावं ठेवत नाही. पण खेळाचं प्रेम वगैरे कुणी सांगायला लागलं की मला हसू येतं.

बॅटरने पळत एकामागून एक गाठायच्या जागा म्हणजे बेस, त्यातल्या तिसऱ्या बेसवर मी उभी राहायचे. उजव्या हाताचा बॅटर जोरात ओढतो तो चेंडू सरळ तिथे येतो, विचार करायला वेळच नसतो. असाच एक आला आणि हे मधलं बोट मोडलं, हे बघा, अजून वाकडं आहे. मग सरांनी माझ्या हातात वही दिली, म्हणाले, तुझा हात गेला, डोळे शाबूत आहेत, स्कोअरर हो. त्यांनी मला पद्धत शिकवली ती एकच, आधी डोळा आणि मग हात. चेंडू पिचरच्या, म्हणजे टाकणाऱ्याच्या, हातातून सुटला की तो थांबेपर्यंत नजर हलवायची नाही, आईने हाक मारली तरी नाही, आणि आपण जे पाहिलं तेच लिहायचं. राज्य संघटनेची परीक्षा दिली, पास झाले.

आता ही वही काय असते ते सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षकाने हातातला चेंडू सोडला तर सगळे हळहळतात, पण वहीत त्या बिचाऱ्याचं नाव कुणी लिहीत नाही. बेसबॉलमध्ये लिहितात. बॅटर चेंडू मारून पहिल्या बेसवर पोचला, तर तो स्वतःच्या बळावर पोचला की क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे पोचला, हे ठरवावं लागतं. स्वतःच्या बळावर असेल तर ती हिट, चुकीमुळे असेल तर एरर. आणि हे अंपायर ठरवत नाही, कॅप्टन ठरवत नाही, हे एकटा स्कोअरर ठरवतो. पिचरने नऊच्या नऊ इनिंगमध्ये एकही हिट दिली नाही, तर त्याला म्हणतात नो-हिटर. एरर झाली तरी चालते, ती क्षेत्ररक्षकाच्या नावावर जाते, पिचर स्वच्छ राहतो. चांगल्या चांगल्या पिचरांची सगळी उमर जाते आणि नो-हिटर मिळत नाही. बस, एवढं लक्षात ठेवा.

पुढे लग्न झालं, नवरा बँकेत, मुंबईहून सिंगापूरला आलो ते आलोच, पीआर म्हणजे इथले कायमचे रहिवासी झालो, मरीन परेडला फ्लॅट घेतला, मुलगी झाली. मी हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत कागदपत्रं तपासायला लागले. एका आकड्याची चूक झाली की कंटेनर धक्क्यावर अडकून पडतो, म्हणजे काम माझ्या स्वभावाला धरूनच. वीसेक वर्षं मी सॉफ्टबॉल हा शब्द तोंडातून काढला नाही, काढून सांगणार कुणाला, आपल्या लोकांना क्रिकेट सोडून चेंडू आणखी कशासाठी असतो हेच ठाऊक नाही.

आणि मग विक्रम चौबळ उगवला. पुण्याचा, काही वर्षं अमेरिकेत काढून आलेला, वन-नॉर्थला स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी. अमेरिकेत राहून माणसं काय काय शिकून येतात, हा फक्त टोपी उलटी घालायला शिकून आला होता. त्याने आपल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला की मी सिंगापूरचा पहिला व्यावसायिक बेसबॉल संघ काढतोय, कुणाला या खेळातलं काही कळतं का. त्यावर तीन अंगठे आले, दोन नमस्कार आले आणि एकीने विचारलं, खाण्याचे स्टॉल लावता येतील का. मी लिहिलं, मला कळतं, मी परीक्षा पास स्कोअरर आहे. तो म्हणाला, या ना ऑफिसला. गेले. त्याने मला कॉफी दिली, दहा मिनिटं स्वतःच्या प्रवासाबद्दल बोलला, आणि मग म्हणाला, वंदनाताई, तुम्ही तिकिटांचं बघाल का. मी म्हटलं, तिकिटांचं तुम्ही बघा, मी वही बघते, मला सामन्यांची वेळापत्रकं पाठवा. त्याला वाटलं, ही बाई विनोद करतेय. मी कधीच विनोद करत नाही.

संघाचं नाव ठेवलं ऑटर्स. ऑटर म्हणजे पाणमांजर, इथे कालव्यात नदीत फिरतात, लोक कौतुकाने फोटो काढतात. आमच्या घरी तेव्हापासून पाणमांजरंच म्हणायचे. चार शहरांची लीग, आम्ही, मनिला, जकार्ता आणि तैवानातला एक संघ, आणि आमचे निम्मे खेळाडू असे की आपापल्या देशात जागा उरली नव्हती म्हणून आलेले. उद्घाटनाला चौबळने ढोलताशा पथक आणलं. जपानी आणि तैवानी खेळाडू रांगेत उभे, समोर साठ जणांचा ढोल सुरू झाला, आणि आमचा एक कॅचर मला विचारतो, मॅडम, हा धोक्याचा इशारा आहे का. मी म्हटलं, हो. पाणमांजराचा पोशाख घातलेला एक माणूस नाचत होता, उकाड्याने तिसऱ्या इनिंगला चक्कर येऊन पडला, आणि सगळ्यात जास्त टाळ्या त्याला पडल्या.

काय सांगू तुम्हाला, या माणसाला पहिल्या दिवसापासून इतिहास हवा होता. पहिला सामना व्हायच्या आधी त्याने ऑफिसात एक काचेचं कपाट करून घेतलं, आत दिवे, वर अक्षरं हेरिटेज, आणि कपाट रिकामं. रिकाम्या कपाटात दिवे लावून बसायचा. खेळाडूंना सांगायचा, आपण परंपरा निर्माण करतोय. परंपरा अशी की पहिल्या मोसमात आम्ही शेवटचे आलो, दुसऱ्यात शेवटचे आलो, तिसऱ्यात जकार्ताचा एक खेळाडू पळून गेला म्हणून शेवटून दुसरे. दुपार झाली की ढग, ढग आले की वीज पडेल असा इशारा देणारा भोंगा, भोंगा वाजला की सगळ्यांनी छपराखाली. प्रेक्षक म्हणजे खेळाडूंच्या बायका, प्रायोजकांचे पाहुणे, आणि आपली मंडळी, ती साबुदाणा वडे संपले की घरी.

त्या सगळ्या तमाशात खेळणारी माणसं दोन. एक ओकादा, जपानी पिचर, पस्तिशी उलटलेला, खांद्यावर दोनदा शस्त्रक्रिया झालेली, बोलायचा जवळजवळ नाहीच. सामन्याआधी दोन तास येऊन मैदानाला स्वतः पळत फेऱ्या मारायचा, बाकीचे फोनवर असायचे. दुसरा डॅरेन, इथलाच पोरगा, चिनी, दिवसा शाळेत शिकवायचा आणि आमच्याकडे तिसऱ्या बेसवर खेळायचा. तिसरा बेस म्हणून माझं त्याच्याकडे जरा जास्त लक्ष, बाकी काही नाही. तो मला आंटी म्हणायचा, इथे बसमधल्या बाईलाही आंटीच म्हणतात.

तिसऱ्या मोसमातला घरचा शेवटचा सामना, मनिलाविरुद्ध. आतून सगळ्यांना माहीत होतं की संघ बंद होणार, ओकादाला माहीत होतं की हा आपला शेवटचा सामना, खांदा पुढे चालणार नव्हता. चौथ्या इनिंगला भोंगा झाला, पाऊणएक तास खेळ बंद. एवढ्या वेळात पिचरचा हात थंड पडतो, बहुतेक जण परत येत नाहीत, हा आला. पाचवी, सहावी, सातवी, एकही बॅटर बेसवर पोचला नाही. डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडू बसतात त्या बाकांवर, सगळे गप्प झाले. नो-हिटर चालू असली की पिचरशी कुणी बोलत नाही, त्याच्या शेजारी बसतसुद्धा नाहीत. आठव्या इनिंगला मनिलाच्या बॅटरने जमिनीवरून चेंडू मारला तिसऱ्या बेसकडे, डॅरेन वाकला, चेंडू त्याच्याकडून निसटून मागे गवतात गेला, आणि बॅटर पहिल्या बेसवर. हिट की एरर. चौबळ वर माझ्या स्कोअररच्या खोलीतच होता, ओरडला, एरर, एरर लिहा. मी म्हटलं, हिट. बोर्डावर एकचा आकडा लागला. नो-हिटर गेली. ओकादाने बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्या खोलीकडे वर पाहिलं, टोपीला हात लावला आणि पुढच्या बॅटरला पिच टाकायला वळला. उरलेले सगळे बाद केले. सामना आम्ही जिंकलो, वहीत एक हिट.

दुसऱ्या दिवशी चौबळने लेखी अर्ज पाठवला की निर्णयाचा फेरविचार व्हावा. लीगचा नियम होता, एका दिवसात स्कोअरर स्वतःचा निर्णय बदलू शकते, त्यानंतर वही बंद. मी अर्जावर लिहिलं, निर्णय कायम. पुढच्या आठवड्यात ग्रुपवर मेसेज आला की आपला प्रवास आपण पॉझ करतोय. पॉझ म्हणे. खेळाडूंच्या परतीच्या विमानांचं बघायला कुणी नव्हतं, ओकादाला विमानतळावर डॅरेन सोडून आला.

आणि माझं काय झालं ऐका. ही गोष्ट आपल्या लोकांत पसरली. मालक डोक्यावर उभा राहून ओरडतोय आणि बाई म्हणते हिट, हे लोकांना फार आवडलं. ज्यांना हिट म्हणजे काय ठाऊक नाही त्यांना जास्त आवडलं. इथल्या मराठी मंडळाने महिला दिनाला सत्कार केला, शाल, नारळ, सूत्रसंचालन करणारी म्हणाली, निर्भीड, निःपक्षपाती, बाणेदार. तीन विशेषणं एका दमात. मी नारळ घेतला, घरी आले, त्याची चटणी केली.

आता इतक्या वर्षांनी चौबळला पुन्हा संघ काढायचाय. गुंतवणूकदार शोधतोय, त्यांना दाखवायला ऑटर्सचा इतिहास म्हणून जाड गुळगुळीत पुस्तक काढतोय. तीन मोसम हरलेल्या संघाचा इतिहास, त्यात घालणार काय, भोंगा? तर त्याला आठवली ती आठवी इनिंग. तो चेंडू एरर ठरला, तर सिंगापूरच्या संघाची पहिली नो-हिटर त्याच्या नावावर. त्याने मला पत्र पाठवलं, तयार मजकूर, खाली सहीची जागा. मजकूर असा की मी, अधिकृत स्कोअरर, तो चेंडू स्वतः स्पष्ट पाहिला होता, आणि पूर्ण विचारांती तो एरर होता असं माझं मत झालं आहे.

घरी वाचून दाखवलं. नवरा म्हणाला, करून टाक सही, चौबळ पुढच्या वर्षी मंडळाचा अध्यक्ष होणार आहे, उगाच तोंडं वाकडी कशाला. मुलगी ईशा फोनमधून डोकं वर न काढता, इथल्या बोलीतला तो लाह शेवटी लावून म्हणाली, मा, जस्ट साइन लाह, कोण वाचणार आहे. मग मान वर करून म्हणाली, पण खरंच हिट होती का? तू कधी सांगितलंच नाहीस, तू नेहमी चौबळअंकलचंच सांगतेस.

बघा, कार्टीने नेमकं बोट ठेवलं.

तर आता खरं सांगते, आणि हे लिहा. मी तो चेंडू पाहिलाच नव्हता. आठवी इनिंग सुरू झाली तेव्हा चौबळ माझ्या खोलीत आला, बरोबर कुणा प्रायोजकाची बायको. म्हणाला, वंदनाताई, दोन मिनिटं खुर्ची सरकवा ना, मॅडमना इथून फोटो हवाय, मागे मैदान येईल. नो-हिटर चालू आहे, आठवी इनिंग आहे, आणि याला फोटो हवाय. मी गप्प बसून मैदानाकडे बघत राहायला हवं होतं, सरांनी तेवढंच तर शिकवलं होतं. पण नाही. मी पूर्ण वळले, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं, चौबळ, मॅडमना खाली त्या पाणमांजराशेजारी उभं करा, दोघांचाही खेळाशी संबंध सारखाच आहे. वाक्य चांगलं जमलं होतं. जमलं म्हणून मी ते आणखी लांबवलं, म्हटलं, आणि तुम्ही त्यांच्या मधे उभे राहा, म्हणजे फोटोत शहाणं कोण ते शोधायला नको. तेवढ्यात मागे बॅटचा आवाज झाला. मी वळले तेव्हा डॅरेन गुडघ्यावर होता, चेंडू गवतात, बॅटर पहिल्या बेसवर. मधलं काहीच मी पाहिलं नाही. चौबळचं तोंड मैदानाकडे होतं. त्या खोलीत ज्याला खेळातलं ओ की ठो कळत नाही, त्या माणसाने तो चेंडू पाहिला होता, आणि तो म्हणाला, एरर. सगळ्या आयुष्यात तो माणूस एकदा बरोबर बोलला असेल, तर तेव्हा.

मी म्हणू शकले असते, मला दिसलं नाही. अंपायरला विचारता आलं असतं. पण चौबळसमोर, त्या बाईसमोर, मला दिसलं नाही म्हणायचं? आणि हा एरर म्हणतोय म्हणजे मी एरर लिहायचं? मी हिट लिहिली, ती एवढ्यासाठी की तो एरर म्हणाला. बाणेदार म्हणे. कॅमेरा लावला होता, पण तो त्या वेळी पाणमांजराचा नाच टिपत होता, म्हणजे पुरावाही नाही. आणि त्या संध्याकाळी डॅरेन माझ्या खोलीच्या जिन्यापर्यंत आला होता, म्हणाला, आंटी, तो बॉल… मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. खेळाडूने स्कोअररकडे थेट यायचं नसतं, मॅनेजरमार्फत ये, असं सांगून परत पाठवला. मला वाटलं, त्याच्या नावावर एरर लिहिली नाही म्हणून आभार मानायला आलाय.

मग या वेळी मीच त्याला भेटायला बोलावलं. तो अजून शाळेत आहे, मरीन परेडच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात आला, पोट सुटलंय, दोन मुलं झालीत. मी कोपी, म्हणजे इथली कॉफी घेतली, त्याने घेतली, आणि मी सरळ विचारलं, तो चेंडू कसा होता. त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, आंटी, आता विचारताय? मी म्हटलं, आता विचारतेय. तो म्हणाला, सरळ आला लाह, एकच टप्पा, ग्लोव्हमध्ये आला, मी आधीच पहिल्या बेसकडे बघितलं आणि सुटला. माझी चूक. शाळेतल्या पोराने पण धरला असता. मी म्हटलं, मग त्या दिवशी बोलला का नाहीस. म्हणाला, बोललो की, जिन्यावर, तुम्ही म्हणालात मॅनेजर. मॅनेजरला लिहून दिलं, ते चौबळसरांच्या अर्जाला जोडलं होतं. तुम्ही वाचलं नाही?

नव्हतं वाचलं. वर चौबळची सही पाहिली आणि खाली कायम लिहून टाकलं. मागे एक पान होतं ते उलटलंसुद्धा नाही. मी, जी दिवसभर दुसऱ्यांचे कागद मागूनपुढून तपासते.

डॅरेन म्हणाला, तुम्ही मला वाचवलंत असं सगळे म्हणायचे, मला लाज वाटायची, ओकादाच्या तोंडाकडे बघवायचं नाही, विमानतळापर्यंत बोललो नाही मी त्याच्याशी. मी म्हटलं, तुझी चूक एका सेकंदाची, माझी आतापर्यंत चाललेली आहे. तो म्हणाला, आंटी, कोपी थंड होतेय. मी त्याच्याकडून ओकादाचा पत्ता घेतला.

घरी येऊन चौबळच्या पत्रातलं स्पष्ट पाहिला होता हे वाक्य खोडलं आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलं की चेंडू मी पाहिला नव्हता, मालकाशी भांडत होते, मालकाला खोटं पाडायचं म्हणून हिट लिहिली, तिसऱ्या बेसच्या खेळाडूचं म्हणणं तेव्हाच लेखी आलं होतं ते मी वाचलं नाही, तो चेंडू एरर होता. सही केली आणि पाठवलं. संध्याकाळी चौबळचा फोन. म्हणाला, वंदनाताई, हे जरा पर्सनल होतंय. मी म्हटलं, पर्सनलच होतं ते. म्हणाला, भांडण वगैरे काढूया ना, इन्व्हेस्टर वाचतील, आपण फक्त पूर्ण विचारांती एवढं ठेवूया. मी म्हटलं, विचार नव्हताच, तर पूर्ण कुठून येणार, छापायचं तर सगळं छापा. तो म्हणाला, नाहीतर तुमच्या सहीशिवायही नो-हिटर छापता येईल, लीग आहेच कुठे आता विचारायला. मी म्हटलं, मग माझी सही मागितलीच कशाला? तर म्हणतो, ऑथेंटिक वाटतं हो. मी फोन ठेवला. त्याने छापलं. सहीशिवाय, सोनेरी अक्षरांत. त्याच्या इतिहासाची किंमत तुम्हाला कळली असेल.

पण ओकादाला माझा कागद पाठवणं भाग होतं, चौबळचं पुस्तक त्याच्या हातात जायच्या आधी. इंग्रजीत लिहिलं, साधं, त्याला कळेल असं. तो आता त्याच्या गावी शाळेतल्या मुलांना पिचिंग शिकवतो. चार दिवसांनी उत्तर आलं, फोनवरून भाषांतर केलेलं, वाक्यं तुटक. लिहिलं होतं, दरवर्षी नवीन मुलं मला विचारतात, सर, तुम्ही कधी नो-हिटर टाकली का. मी सांगतो, नाही, एकदा जवळ गेलो, एक हिट पडली. मुलं विचारतात, कसली हिट. मी सांगतो, मला खालून तो चेंडू डॅरेनने धरण्यासारखा वाटला होता, पण स्कोअरर उंचावर बसते, तिला नीट दिसतं, आणि आमची स्कोअरर फार कडक बाई होती, तिने हिट म्हटली म्हणजे हिटच असणार. आणि मग शेवटची ओळ, आता मी मुलांना काय सांगू?

ही ओळ मी खूप वेळा वाचली. बाकी सगळ्यांना मी तोंडावर उत्तर दिलं असतं. या माणसाने मला एकदाही वेडंवाकडं विचारलं नाही, खालून त्याला दिसत होतं तरी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवून गप्प राहिला, आणि अजून, सगळं कळल्यावरही, निर्णय मलाच विचारतोय. नवरा म्हणाला, माफी माग. मी म्हटलं, माफी पहिल्या पत्रात मागून झाली, त्याला आता माफी नकोय, निर्णय हवाय.

मी त्याला लिहिलं, आठवी इनिंग, तिसऱ्या बेसची एरर. हिट शून्य. नो-हिटर. मुलांना हेच सांगा. खाली नाव लिहिलं आणि नावापुढे स्कोअरर लिहिलं नाही, तो अधिकार मी त्याच संध्याकाळी घालवला होता.

उत्तर आलेलं नाही, येऊ नये तेच बरं, तो उलट आभारबिभार मानेल आणि ते मला झेपणार नाही. मंडळात कुणी त्या सामन्याचा विषय काढला की मी आता सगळं सांगते, तुम्हाला सांगितलं तसंच, ऐकणाऱ्यांची तोंडं जरा पडतात, पडू देत. चौबळ नवा संघ काढेल, नवं कपाट करेल, त्याचं तो बघेल. तिकडे कुठल्याशा शाळेच्या मैदानावर एखादं पोरगं ओकादाला विचारेल, आणि तो या वेळी हो म्हणेल. पोरं टाळ्या वाजवतील. त्या टाळ्या इथे, त्या दिवशी, त्याच्या हक्काच्या होत्या. आता तरी पोटभर पडू देत त्याच्या वाट्याला.